लिथियमने कधी डोके मोठे, कधी डोळेच गायब: झेब्राफिश भ्रूणातली संकेत-प्रथिने आणि त्यांच्या वेळा

मार्कंडेयकाठ (बेळगाव)

एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या भ्रूणविज्ञान प्रात्यक्षिकासाठी मदत हवी आहे. झेब्राफिशच्या भ्रूणांना लिथियम क्लोराइडचा झटका देऊन विंट या पेशी-संकेत मार्गाचे काम दाखवायचे, असा बेत आहे. ०.३ मोलर, १० मिनिटे, मग तीनदा धुऊन दुसऱ्या दिवशी निरीक्षण.

गट अ ला झटका अंडी गोळा केल्यावर दोन तासांनी, गट ब ला साडेचार तासांनी. गट अ मध्ये काही भ्रूणांचे धड आखडलेले आणि डोक्याकडचा भाग फुगलेला, तर बाकीचे अगदी सर्वसाधारण. गट ब मध्ये धड-शेपूट ठीक, पण डोळे बारीक किंवा नाहीतच. रसायन तेच, मात्रा तीच, मार्गही तोच. मग एकात डोके वाढते आणि दुसऱ्यात डोक्याचा पुढचा भाग जातो, हे कसे?

इन्क्युबेटर नाही. खोलीत सकाळी २२ ते २४ अंश असते. साधा स्टिरिओ मायक्रोस्कोप आहे, ४० पटींपर्यंत. इन सिटू (कोणते जनुक कुठे चालू आहे ते रंगवून बघणे) वगैरे शक्य नाही. नोडल आणि बीएमपी या दुसऱ्या दोन संकेत-प्रथिनांचे अवरोधक वापरायचे झाल्यास मात्रा आणि वेळ दोन्ही सांगा.

बलकबिंदू (धारवाड)

दोन गट वेगळे निघाले हे बरोबरच आहे. ते दोन वेगळे प्रयोग आहेत, फक्त बाटली एक.

लिथियम जीएसके-३ हे एन्झाइम दाबते. हे एन्झाइम एरवी बीटा-कॅटेनिनला फॉस्फेट लावून मोडीत काढायला पाठवते. ते दबले की बीटा-कॅटेनिन साचते, केंद्रकात शिरते आणि टीसीएफ कुळातल्या प्रथिनांना धरून जनुके चालू करते. इथपर्यंत अ आणि ब सारखेच. पुढचा प्रश्न एवढाच की केंद्रकात शिरलेल्या बीटा-कॅटेनिनला त्या घटकेला कोणती जनुके उघडी सापडतात.

फलनापासून साधारण दहाव्या विभाजनापर्यंत, म्हणजे ५१२ ते १००० पेशींपर्यंत, भ्रूणाची स्वतःची जनुके जवळपास गप्प असतात. कारभार आईने अंड्यात भरून ठेवलेल्या आरएनए आणि प्रथिनांवर चालतो. या काळात बीटा-कॅटेनिन ज्या बाजूला साचते ती बाजू पुढे पाठ होते. १२८ पेशींच्या सुमारास ते तिथल्या केंद्रकांत दिसू लागते. भ्रूणाची जनुके जागी झाली की त्या भागात सर्वांत आधी चालू होणाऱ्यांत बोझोझोक असते. हे दाबणारे प्रथिन आहे. ते त्या कोपऱ्यात पोटाच्या बाजूच्या बीएमपी२बी जनुकाला डोके वर काढू देत नाही, आणि मग तिथे कॉर्डिन, गूसकॉइड या पाठीच्या जनुकांना मोकळे रान मिळते. ३२ ते १२८ पेशींच्या दरम्यान लिथियम दिले की बीटा-कॅटेनिन एका बाजूला न राहता चहूकडे साचते. भ्रूणाला सगळीकडून पाठच. तुमच्या गट अ मधले आखडलेले भ्रूण हेच.

जनुके जागी झाल्यावर डाव बदलतो. आता विंट८ए भ्रूणाच्या कडेला, पोटाच्या आणि बगलेच्या अंगाला तयार होते. तेच बीटा-कॅटेनिन आता व्हॉक्स, व्हेंट, व्हेड ही जनुके चालू ठेवते आणि ती पाठीच्या जनुकांना हद्दीत ठेवतात. शिवाय मज्जासंस्थेच्या कच्च्या मालाला 'तू मागचा भाग हो' हा हुकूमही विंटचाच. या वेळी लिथियम दिले की पुढच्या मेंदूचा आणि डोळ्यांचा भाग मागच्यासारखा घडतो. मास्टरब्लाइंड हा म्यूटंट पाहा: त्यात ॲक्सिन१ बिघडलेले असते, बीटा-कॅटेनिन आवरले जात नाही, आणि डोळे होत नाहीत. गट ब म्हणजे त्याची रासायनिक नक्कल.

गट अ मध्ये बाकीचे सर्वसाधारण का, हे मात्र तापमानाचे आणि अंडी गोळा करण्याचे प्रकरण दिसते. शहापूरकर सांगतील.

शहापूरकर

हो, घड्याळ बंद करा, भ्रूण बघा. झेब्राफिशचे सगळे छापील तास २८.५ अंशांचे असतात. किमेल आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली टप्पे ठरवले तेव्हा एक सूत्रही दिले होते:

लागणारे तास = प्रमाण तास ÷ (०.०५५ × तापमान − ०.५७)

२८.५ अंशांना भाजक जवळजवळ १ येतो. २४ अंशांना तो ०.७५ येतो. म्हणजे तुमच्या खोलीतले दोन तास हे प्रमाण दीड तास झाले. त्या वेळी भ्रूण १६ पेशींवर असतो, ६४ वर नाही. साडेचार तास म्हणजे प्रमाण ३ तास २० मिनिटांच्या आसपास, म्हणजे १००० पेशी ओलांडून गेलेला, जनुके जागी झालेला भ्रूण. हे सूत्रही २५ ते ३३ अंशांच्या पट्ट्यातच धरून चालावे. त्याखाली नुसता वेग कमी होत नाही, विकृतीही वाढतात.

दुसरे कारण अंड्यांचे वय. या काळात विभाजन दर १५ मिनिटांनी होते. दिवे लागल्यावर तासभर टाकीत राहिलेली अंडी एकदम गोळा केली तर त्याच ताटलीत १६ पेशींचे, ३२ चे, ६४ चे असे सगळे एकत्र असतात. उपाय: आदल्या संध्याकाळी नर-मादी मध्ये पारदर्शक पडदा घालून वेगळे ठेवायचे, खाली जाळी म्हणजे अंडी खाल्ली जात नाहीत. सकाळी दिवे लागल्यावर पडदा काढायचा आणि दर १० ते १५ मिनिटांनी अंडी उचलून वेगळ्या ताटलीत. प्रत्येक ताटलीवर वेळ. मग ४ किंवा ८ पेशींवर फलित न झालेली काढून टाका आणि झटका देताना मायक्रोस्कोपखाली पेशी बघून द्या.

इन्क्युबेटरसाठी पैसे नसतील तर थर्माकोलची जाड पेटी (गोव्याहून मासळी येते तसली, पण नवी घ्या), त्यात मत्स्यटाकीचा ५० वॉटचा हीटर पाण्यात बुडवलेला, लहान पंपाने पाणी हलते ठेवायचे आणि ताटल्या तरंगत्या जाळीवर. थर्मामीटर ताटलीजवळ ठेवा, हीटरजवळ नको. बेळगावात डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १५ च्या आसपास उतरतो. वीज दोन तास गेली तरी पेटीतले पाणी तग धरते, उघडी ताटली नाही.

मार्कंडेयकाठ

दोघांचेही आभार. एक शंका. सुरुवातीला बीटा-कॅटेनिन एकाच बाजूला का साचते? जुन्या टिपणांत मातृक विंट८ए हे कारण दिले आहे.

बलकबिंदू

टिपणे बदला. मातृक विंट८एचा आरएनए पाठीच्या बाजूला सरकतो हे खरे, पण पाठ ठरवायला लागणारे प्रथिन दुसरेच निघाले: हुलुवा. २०१८ साली हे प्रसिद्ध झाले. हुलुवाचा आरएनए अंड्याच्या खालच्या टोकाला बलकापाशी साठवलेला असतो. फलनानंतर वीसेक मिनिटांत तिथे मायक्रोट्यूब्यूलची समांतर मांडणी तयार होते आणि तिच्यावरून हा माल एका बाजूला वर नेला जातो. हुलुवा पेशीपटलावर बसून ॲक्सिनचा नाश घडवते. ॲक्सिन नसेल तर बीटा-कॅटेनिन मोडणारा संच उभा राहत नाही. यात विंटचे संकेत-प्रथिन किंवा ग्राही यांची गरजच पडत नाही. हुलुवा नसलेल्या मादीच्या अंड्यांतून पाठ आणि डोके नसलेले, चहूबाजूंनी पोटच असलेले भ्रूण निघतात.

याचा तुमच्याशी थेट संबंध आहे. थंडीने मायक्रोट्यूब्यूल विस्कटतात. पहिल्या अर्ध्या तासात अंडी गार पाण्यात पडली तर वाहतूक अडते आणि औषध न देताही काही भ्रूण पोटाळलेले होतात. हिवाळ्यात सकाळी नळाच्या गार पाण्यात अंडी धुणे म्हणजे नकळत केलेला वेगळा प्रयोग. धुण्याचा द्राव आधी २८ अंशांवर आणून ठेवा. आणि नळाचे पाणी वापरूच नका. राकसकोपचे असो की हिडकलचे, शहरात येते ते क्लोरीन घालूनच.

शहापूरकर

ई३ (भ्रूण ठेवायचा क्षारद्राव) करून ठेवा. ६० पट साठा, एक लिटरसाठी: सोडियम क्लोराइड १७.२ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.७६ ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट २.९ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट ४.९ ग्रॅम. वापरताना १६.७ मिलि साठा घेऊन ऊर्ध्वपातित पाण्याने एक लिटर. बुरशीसाठी मेथिलीन ब्लू अगदी फिकट निळसर झाक येईल इतकेच, आणि औषधाच्या ताटल्यांत तेही नको.

लिथियम: १०० मिलि ई३ मध्ये १.२७ ग्रॅम. पण याच्या जोडीला १०० मिलि ई३ मध्ये १.७५ ग्रॅम मीठ घातलेला नियंत्रण गट हवाच. तोही ०.३ मोलर. भ्रूण इतक्या खारट द्रावात गेल्यावर नुसत्या परासरणानेही आक्रसतात. हा गट नसेल तर 'लिथियमनेच झाले' असे म्हणता येणार नाही. विद्यार्थी हा गट नेहमी गाळतात.

गणेशपूर_गल्ली

नोडलबद्दल कुणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. बघायला सगळ्यात नाट्यमय तेच.

झेब्राफिशमध्ये सुरुवातीच्या कामाची नोडल प्रथिने दोन: स्क्विंट आणि सायक्लॉप्स. तिसरे, साउथपॉ, नंतर डावी-उजवी बाजू ठरवताना येते. बलकाच्या पृष्ठभागाखाली जो बहुकेंद्रकी थर तयार होतो तिथून आणि त्याला लागून असलेल्या कडेच्या पेशींतून नोडल बाहेर पडते. घेणाऱ्या पेशीवर ग्राही असून भागत नाही, शेजारी ओईपी नावाचे सह-ग्राहीही लागते. ग्राही स्मॅड२ या निरोप्या प्रथिनाला फॉस्फेट लावते, ते स्मॅड४ ला घेऊन केंद्रकात जाते. स्मॅडला डीएनएवर जागा शोधायला सोबती लागतात, फॉक्सएच१ हा त्यातला मुख्य. कडेला, जिथे नोडल जास्त आणि बराच वेळ मिळते, तिथे सॉक्स३२ चालू होते, त्यातून सॉक्स१७, आणि त्या पेशी एंडोडर्म (आतला थर) होतात. थोडे वर, कमी मात्रेवर, टीबीएक्सटीए वगैरे चालू होऊन मेसोडर्म (मधला थर).

नोडल एकटे पुरत नाही. आईने दिलेले व्हीजी१ त्याच्याशी जोडी करते. २०१७ च्या सुमारास तीन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले की व्हीजी१ नसलेल्या मादीच्या अंड्यांत मेसोडर्म-एंडोडर्म जवळजवळ होतच नाही, नोडलची जनुके शाबूत असली तरी.

औषध: एसबी-५०५१२४. डीएमएसओ या द्रावकात १० मिलिमोलर साठा, १ मिलि ई३ ला ५ मायक्रोलिटर, म्हणजे ५० मायक्रोमोलर आणि डीएमएसओ ०.५ टक्के. ६४ पेशींवर, म्हणजे जनुके जागी व्हायच्या आधी, घाला आणि राहू द्या. २४ तासांच्या टप्प्यावर दिसेल: धडात नोटोकॉर्ड (पाठीचा आधारदांडा) नाही, सोमाइट (स्नायू बनणारे ठोकळे) नाहीत, फक्त शेपटीकडे थोडे स्नायू, डोळे एकमेकांत मिसळलेले. स्क्विंट-सायक्लॉप्स दुहेरी म्यूटंट असाच दिसतो. शील्ड (कडेवर पाठीच्या बाजूला येणारा जाड उंचवटा) दिसल्यावर तेच औषध द्या, बहुतेक भ्रूण जवळपास नेहमीचे होतील. मधल्या वेळांना दिले तर आधी स्नायू आणि नोटोकॉर्ड बचावतात, डोक्याखालची पुढची मेसोडर्म-पट्टी आणि एंडोडर्म मात्र सर्वांत उशिरापर्यंत धोक्यात राहतात, कारण त्यांना जास्त मात्रा जास्त वेळ लागते. त्या पुढच्या पट्टीने संकेत दिला नाही की डोळ्यांचे एकच क्षेत्र दोन भागांत तुटत नाही. एकडोळा म्हणजे डोळ्याचा दोष नव्हे, खालच्या पट्टीचा.

मार्कंडेयकाठ

म्हणजे नोडल कडेपासून वरवर पसरत जाते आणि अंतरानुसार मात्रा कमी होते, हेच मॉर्फोजेनचे चित्र फळ्यावर काढायचे ना?

गणेशपूर_गल्ली

हो. २०१२ साली प्रसरणाचे वेग मोजले गेले ते सांगा, मुलांना आकडा आवडतो. सायक्लॉप्स ०.७, स्क्विंट ३.२, लेफ्टी१ ११.१, लेफ्टी२ १८.९ वर्ग मायक्रोमीटर दर सेकंदाला. लेफ्टी हा नोडलचाच अवरोधक आणि तो नोडलनेच चालू होतो. प्रवर्तक हळू चालतो, अवरोधक झपाट्याने पसरतो. १९५२ साली ट्यूरिंगने गणिताने मांडलेल्या कल्पनेशी हे जुळते.

बलकबिंदू

चित्र काढा, पण पूर्ण सत्य म्हणून नको. माझे मत थोडे वेगळे आहे.

२०१५ साली दुसरे स्पष्टीकरण आले, काळाच्या खिडकीचे. नोडलचा टापू किती रुंद होणार हे मुख्यतः ते किती दूर वाहत गेले यावर ठरत नाही, तर लेफ्टी येईपर्यंत किती वेळ मिळाला यावर ठरते. लेफ्टी आणि नोडल दोन्हींचे आरएनए साधारण बरोबर सुरू होतात, पण मिर-४३० हा सूक्ष्म आरएनए लेफ्टीचे प्रथिन होणे लांबवतो. तेवढ्या उसंतीत नोडल एका पेशीकडून पुढच्या पेशीत स्वतःलाच चालू करत जाते. मग लेफ्टी येते आणि दार बंद होते.

त्यात २०१७ चा निकाल जोडा. लेफ्टीची दोन्ही जनुके काढून टाकलेले भ्रूण मरतात, पण नोडलच्या औषधी अवरोधकाची हलकी मात्रा सगळीकडे सारखी दिली तर बरेचसे सावरतात. अवरोधकाचा सुबक उतार नसला तरी चालते, एकूण जोर आवरला म्हणजे झाले. प्रसरणाचे आकडे खरे आहेत. त्यांवरून 'म्हणून नमुना तसा घडतो' हे आपोआप सिद्ध होत नाही.

गणेशपूर_गल्ली

खिडकीचा मुद्दा मान्य. पण उतार नाहीच असे म्हणू नका. ओईपी काढून टाकले की नोडल दूरवर, जवळपास सपाट पसरते, हे २०२१ मध्ये दिसले. म्हणजे घेणाऱ्या पेशीच नोडल पकडून त्याचा पल्ला आखतात. जागा आणि वेळ दोन्ही लागतात.

बलकबिंदू

दोन्ही लागतात, हे ठीक. प्रात्यक्षिकात तुम्हाला जागा दिसणार नाही, वेळ दिसेल. म्हणून मी वेळेवर भर देतो.

आता बीएमपी. इथे सगळ्यात जास्त प्रयोग वाया जातात, आणि कारण हास्यास्पद आहे: लोक चुकीच्या वेळी बघायला येतात.

काम करणारी जोडी बीएमपी२बी आणि बीएमपी७ यांची मिश्र जोडी. एकाच प्रकारच्या दोन रेणूंच्या जोड्या तिची जागा घेत नाहीत. पोटाच्या बाजूला बीएमपी जास्त. पाठीकडून कॉर्डिन येऊन त्याला धरून ठेवते, आणि टोलॉइड हे एन्झाइम कॉर्डिनला कापते. ग्राहीपासून स्मॅड१/५ मार्फत निरोप केंद्रकात. या सगळ्यांची नावे मोठ्या म्यूटंट-शोधातून आली, ज्याचे निकाल डिसेंबर १९९६ मध्ये एकत्र छापले गेले: स्वर्ल म्हणजे बीएमपी२बी, स्नेलहाउस म्हणजे बीएमपी७, चॉर्डिनो म्हणजे कॉर्डिन, मिनीफिन म्हणजे टोलॉइड.

बीएमपी पूर्ण बंद झाले की सी५ हा सर्वांत तीव्र प्रकार मिळतो. गॅस्ट्रुला (पेशी आत सरकून थर बनण्याचा टप्पा) संपताना गोल असायला हवा तो भ्रूण लांबट अंडाकृती दिसतो. मग सोमाइट बलकाभोवती पट्ट्यासारखे आवळतात आणि बलक फुटतो. हे सगळे प्रमाण १४ ते १६ तासांत आटोपते. दुसऱ्या दिवशी २४ तासांनी ताटली उघडली की नुसता गाळ, आणि वहीत नोंद होते 'औषध विषारी'. सी५ बघायचा तर १० ते १४ तासांच्या टप्प्यावर बघा. सौम्य प्रकार २४ ते ३० तासांना: सी१ मध्ये शेपटीचा खालचा पर गायब, सी३-सी४ मध्ये धड-शेपूट वर गुंडाळलेले.

औषध डॉर्सोमॉर्फिन किंवा एलडीएन-१९३१८९. डॉर्सोमॉर्फिन झेब्राफिश भ्रूणांवरच चाळणी लावून २००८ साली सापडले. ते रक्तवाहिन्यांच्या व्हीईजीएफ ग्राहीलाही दाबते, म्हणून वाहिन्यांचे दोष बीएमपीच्या खात्यात लिहू नका. १०, २० आणि ४० मायक्रोमोलर अशी मालिका लावा, कारण बाटलीगणिक जोर बदलतो. गोल टप्प्याच्या (स्फिअर, गॅस्ट्रुलापूर्वीचा) आधी दिले तर डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळे पाठाळते. गॅस्ट्रुलाच्या मध्यावर दिले तर डोके सुटते, धड-शेपूट बिघडते. शेवटी दिले तर शेपटीपुरते. पुढचा भाग आधी ठरतो, मागचा नंतर, हे एका औषधाने तीन ताटल्यांत दिसते.

शहापूरकर

हाताळणीचे काही:

डीएमएसओतला साठा गार ई३ मध्ये टाकला की औषध पांढरे होऊन खाली बसते. ई३ २८ अंशांवर, साठा थेंबथेंब, लगेच उलटसुलट करून मिसळा. मायक्रोस्कोपखाली सुया दिसल्या तर ती नळी टाकून द्या.

२४ खान्यांची ताटली, खान्यात १ मिलि, १० ते १५ भ्रूण. गर्दी केली तर एक मेलेला भ्रूण बाकीच्यांना घेऊन जातो. नियंत्रण गटात ८० टक्क्यांहून कमी जगले तर त्या दिवसाचा आकडा धरू नका, अंडीच खराब आहेत.

कोरिऑन (भ्रूणाभोवतीचे कवच) काढायची गरज नाही, ही लहान रेणूंची औषधे आत जातात. काढायचाच असेल तर प्रोनेझ हे एन्झाइम, १ मिग्रॅ/मिलि. कोरिऑन सुटू लागले की लगेच भरपूर ई३ ने धुवायचे. उघडे भ्रूण प्लॅस्टिकला चिकटून फाटतात. ताटलीला १ ते २ टक्के ॲगॅरोजचा थर द्या किंवा काचेची ताटली घ्या.

डीएमएसओ औषधाला कातडीतून आत नेतो. नायट्राइल हातमोजे सक्तीचे. ही औषधे गर्भाची घडण बिघडवतात म्हणूनच आपण ती वापरतोय, तेव्हा गर्भवती विद्यार्थिनींना हे काम देऊ नये. उरलेला द्राव बेसिनमध्ये नाही, बाटलीत. आणि संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची लेखी परवानगी आधी.

खानापूरचा_ओढा

आमच्याकडच्या ओढ्यांत डॅनिओसारखे पट्ट्यांचे मासे मिळतात. तेच वापरले तर? दुकानातून आणायला नकोत.

बलकबिंदू

ते डेवारिओ असतील, सख्खे नव्हेत, चुलत. मार्ग तेच, प्रथिनेही तीच, पण वेळापत्रक झेब्राफिशचे लागू होईल असे धरू नका. आणि या धाग्यातला सगळा भरवसा वेळापत्रकावर आहे. शिवाय भीमगड अभयारण्याच्या हद्दीतून वनखात्याच्या परवानगीशिवाय काही उचलता येत नाही.

निपाणीकर_तळे

रोहूच्या हॅचरीत काही वेळा वाकड्या कण्याची पिल्ले निघतात. तेही याच प्रथिनांमुळे का?

शहापूरकर

शेवटची कडी तीच असू शकते, पण औषध तिथे शोधू नका. आधी बघायचे दोन: इंजेक्शननंतर मादीला उशिरा पिळल्याने जास्त पिकलेली अंडी, आणि हॅचरीच्या कुंडातले तापमान. रोहूचे अंडे पाण्यात फुगून मोठे आणि पारदर्शक होते, त्यामुळे एपिबोली (पेशींची टोपी बलकावर उतरत जाणे) साध्या भिंगानेही दिसते. फलनानंतर पाच-सहा तासांनी एक चमचा अंडी काचेत घेऊन बघा. पेशींची टोपी बलकावर वाकडीतिकडी उतरत असेल तर पुढे कणा सरळ येणार नाही, हे तेव्हाच कळते.

वैद्य_चिकोडी

एक वेगळा मुद्दा. औषधांऐवजी मॉर्फोलिनो (ठरावीक जनुकाचा आरएनए अडवणारा कृत्रिम रेणू) टोचले तर जनुक नेमके गाठता येईल. औषधे इकडेतिकडे लागतात.

गणेशपूर_गल्ली

कागदावर बरोबर, प्रात्यक्षिकात नको. एक नॅनोलिटर टोचायला सुई, दाब-यंत्र आणि हात तिन्ही लागतात. थेंब खनिज तेलात सोडून त्याचा व्यास मोजतात: १२५ मायक्रोमीटर म्हणजे साधारण १ नॅनोलिटर, १०० मायक्रोमीटर म्हणजे अर्धाच. व्यास थोडा चुकला की मात्रा दुप्पट. जास्त मात्रेने पी५३ हे पेशींना मारायला लावणारे प्रथिन जागे होऊन मेंदूत पेशी मरतात आणि सगळेच लहान डोक्याचे दिसतात, मग जनुक कोणतेही असो. २०१५ साली बऱ्याच मॉर्फोलिनोंचे परिणाम म्यूटंटशी जुळत नाहीत हे छापून आले आणि तेव्हापासून लोक सावध आहेत.

बलकबिंदू

दुसरी बाजूही आहे. त्याच वर्षी दिसले की काही म्यूटंटांत सख्खी जनुके वाढून तूट भरून काढतात, म्हणून म्यूटंट निरोगी दिसतो आणि मॉर्फोलिनो दिलेला आजारी. २०१९ मध्ये कळले की बिघडलेल्या आरएनएचा नाश हाच त्या भरपाईचा इशारा असतो. तेव्हा मॉर्फोलिनो खोटाच, असेही नाही. पण वर्गात नको, यावर एकमत.

मार्कंडेयकाठ

सुधारलेला बेत असा. तापमान पेटीत २५ अंश ठेवायचे, कारण २८.५ धरून ठेवणे आमच्या हीटरला जमेलसे वाटत नाही. लिथियम: ६४ पेशींवर एक ताटली, १००० पेशींनंतर दुसरी, दोन्हींना मिठाचा जोडगट. नोडल: ६४ पेशींवर आणि शील्डवर. बीएमपी: ६४ पेशी, ५० टक्के एपिबोली, ८० टक्के एपिबोली. सगळ्यांना डीएमएसओचा जोडगट.

अडचण बीएमपीची. सकाळी ८ ला अंडी मिळाली तर २५ अंशांना प्रमाण १२ तासांचा टप्पा रात्री अकराच्या सुमारास येतो. महाविद्यालय सहाला बंद होते.

शहापूरकर

बीएमपीसाठी माशांची सकाळ बदला. त्यांची टाकी काळ्या कापडाने झाकून दिव्याचा टायमर दुपारी ४ ला चालू, पहाटे ६ ला बंद असा लावा. १४ तास उजेड, १० तास अंधार कायम ठेवायचा. एक-दोन आठवड्यांत ते ४ वाजता अंडी द्यायला लागतात. २५ अंशांना ६४ पेशी साडेसहाला येतात. औषध तेव्हाच घाला. जनुके अजून जागी नसल्यामुळे लवकर घातल्याने निकाल बदलत नाही, फक्त उशिराच्या दोन ताटल्या वेगळ्या दिवशी कराव्या लागतील. सकाळी ९ ला भ्रूण प्रमाण साडेतेरा-चौदा तासांवर असतील. सी५ तोवर फुटलेला नसतो.

मार्कंडेयकाठ

सहाला बंद होणाऱ्या इमारतीत साडेसहाला औषध?

शहापूरकर

टायमर ३ ला लावा. साडेपाचला औषध होते. सकाळी साडेआठला दार उघडून आधी ताटली, मग हजेरी.

बलकबिंदू

आणि पेटीवर कागद चिकटवा, 'हीटर बंद करू नये'. रात्री दिवे बंद करणारा माणूस तोही बंद करून जातो.